हेदवीच्या वाटेवर एक ठिपका कमी

कराडहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला हेदवीत पोचतो. आम्हाला चार दिवस लागले. त्यातला बराचसा वेळ आम्ही एका अनोळखी घराच्या अंगणात, जीपखाली उताणे पडून काढला. तेव्हा दशभुजा गणपतीचं देऊळ आणि तिथला समुद्र वाचायला कुणी बसलं असेल, तर ते शेवटी येईल आणि थोडकंच येईल. मला प्रवासात जे दिसलं ते मी सांगणार, आणि मला जास्तीत जास्त दिसला तो जीपचा पुढचा अॅक्सल.

कराड ते अलोरे

आम्ही दोघं. मी बापू, अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीतल्या गाड्यांच्या वर्कशॉपचा रिटायर्ड फोरमन. दुसरा दत्तू, तिथलाच ड्रायव्हर. मी गाड्या दुरुस्त करायच्या आणि दत्तूनं त्या कुंभार्ली घाटात वर-खाली पळवायच्या, असं आम्ही अख्खी नोकरी केलं. आता दोघंही कराडला राहतो, हाकेच्या अंतरावर. जीप माझी. जुनी, चारही चाकांना जोर असलेली, लिलावात घेतलेली. तिला माझ्याशिवाय दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागलेला नाही, हे मी चारचौघांत दहा वेळा सांगून झालेलं आहे. आता अकराव्यांदा सांगताना जरा जड जातंय.

या पावसाळ्याच्या तोंडावर दत्तूच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काहीतरी चिघळलं. दीड महिना त्याला त्या डोळ्यानं नुसतं दुधाळ दिसायचं. ज्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्याला स्टेअरिंग नाही म्हणजे काय, ते मी शेजारी बसून पाहिलंय. तो तेव्हा नवस बोलला. डोळा परत आला तर स्वतः गाडी चालवत हेदवीच्या दशभुजाला येईन. स्वतः, हे त्यात महत्त्वाचं. डोळा आला. डॉक्टरांनी हो म्हटलं. पण त्याची लेक मनीषा काही हो म्हणेना. "बाबा, एसटीनं जा, देवाला चालतं." शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, पोरी, गाडी माझी, गाडी ठणठणीत, मी शेजारी बसणार. तू काळजी करू नकोस. कार्तिकातल्या एका सोमवारी आम्ही निघालो.

कोयनानगर मागे पडलं, घाट सुरू झाला. दत्तूचा हात स्टेअरिंगवर असा पडला की मलाच भरून आलं. पाच-सहा वळणं उतरलो असू. दत्तू म्हणाला, "बापू, ब्रेक मारला की खाली टक् वाजतंय. आणि गाडी वाईच डावीकडं सरतीय."

"रस्ताच डावीकडं उतरता आहे."

"सगळ्याच वळणांना?"

"लेका, डोळे झाले, आता कान पण दाखवायचेत का डॉक्टरला?" मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो. दत्तू हसला नाही. हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय, कारण पुढचे चार दिवस ते मला बोचत राहिलं.

घाट संपून अलोऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबलो. घाटाच्या वर चहा म्हणजे दूध, इथं कोरा चहा मागितला तर कुणी वळून बघत नाही. तिथं बसून मी टपरीवाल्याला, त्यानं विचारलेलं नसताना, आमच्या वर्कशॉपचा नियम ऐकवला. गाडीच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलले की चाकांना जोडणाऱ्या अॅक्सलला पाट्यांशी जखडणारे यू-बोल्ट आवळायचे आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. पण तेवढ्यावर काम संपत नाही. नवा पाटा ओझ्याखाली बसतो, बोल्ट ढिले पडतात. म्हणून गाडी शंभरेक किलोमीटर पळाली की परत खाली शिरायचं, परत आवळायचं आणि पिवळ्याशेजारी तांबडा ठिपका द्यायचा. तांबडा नसेल तर माझ्या वर्कशॉपच्या गेटातून गाडी बाहेर पडत नसे, मग साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब. टपरीवाला "हो का" म्हणाला. दत्तू बशीतून चहा पीत होता.

गडगा

चिपळूण सोडून गुहागरच्या रस्त्याला लागलो, तर पुढं काम चाललेलं. दत्तूला एक आतला रस्ता ठाऊक होता. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती खोडं उरलेली, आणि या दिवसांत इकडं गुरं मोकळी सोडतात. एका वळणाला म्हैस आली. घाई ना गडबड, रस्त्याच्या मधोमध. दत्तूनं ब्रेक दाबला. म्हैस वाचली. पण जीप सरळ थांबायची ती कुणीतरी कान धरून ओढल्यासारखी डावीकडं गेली आणि पुढच्या डाव्या चाकानिशी गडग्यात घुसली.

गडगा म्हणजे नुसते दगड एकावर एक रचून केलेली कंबरभर उंचीची भिंत. माती नाही, सिमेंट नाही. चार हात लांबीचा गडगा खाली आला. आम्हाला काही झालं नाही. माझा चष्मा पायाशी पडला तेवढंच. दत्तू खाली उतरला, तेल-बिल गळतंय का बघायला जमिनीवर पालथा पडून जीपखाली डोकावला, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग उठून कपडे झटकले, किल्ली माझ्या हातात दिली.

"मी आता ही गाडी नाही चालवणार," तो म्हणाला.

एवढंच. पुढचं सगळं मी माझ्या मनानं जोडलं. म्हैस त्याला उशिरा दिसली, हे मी ठरवून टाकलं. मनीषाचा फोन नेमका त्याच वेळी आला. मी खरं तेच सांगायचं म्हणून सांगितलं, "लागलं नाही कुणाला, पण अगं, म्हैस त्याला दिसली नाही. डोळा अजून तयार नाही बहुतेक." दत्तू तीन पावलांवर उभा होता. तिकडून मनीषा रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, आता पुरे. आल्यावर लायसन माझ्याकडं द्यायला सांगा त्यांना. त्यांच्या दारातली गाडी पण मी काढून टाकते." मी फोन ठेवला. दत्तूनं ऐकलं होतं. तो खाली पडलेले दगड बाजूला करायला लागला होता.

एवढ्यात गडग्याचे मालक आले. सीताराम त्यांचं नाव. साठीचे, उघडेबंब, कमरेला कोयता. मी भांडणाच्या तयारीत. आमच्याकडं बांधाला चाक लागलं तर आधी गाव जमतं, मग आवाज चढतात, मग आयमाय निघते, आणि कुणाला लागलं का हे सगळ्यात शेवटी विचारतात.

"लागला काय कुणाला?" सीतारामभाऊंनी विचारलं.

"नाही."

"मंग बरा झाला. गडगा काय, परत उबा ऱ्हाईल."

मी खिशात हात घातला. तसे ते हसले. "पैशान गुरा अडत नाय, पावणे. आत कलमा हायत, बारकी. सांजच्याला गुरा फिरतीत ह्या वाटेन. ज्यान पाडला त्यान उबा करायचा, असा हाय आमच्यात. मी दाखवतो, तुमी लावा."

मग आम्ही दोन म्हाताऱ्यांनी गडगा रचला. दगड दिसायला सोपा, रचायला महाकठीण. मी ठेवला की डुलायचा. सीतारामभाऊ म्हणायचे, "दोन दगडांच्या सांद्यावर तिसरा. फोडू नका, फिरवा. त्याची बाजू त्योच दावतो." दत्तूला ते पटकन जमलं. मला नाही. माझी सवय सगळं पान्ह्यानं आवळायची. दोन बोटं चेंगरून घेतली, सीतारामभाऊंनी माझे चार दगड गुपचूप काढून परत लावले, पण उन्हं कलायच्या आत गडगा उभा राहिला आणि ती म्हैस त्याच्याकडं बघत पलीकडून निघून गेली.

जीप चालू होत होती, पण स्टेअरिंग वाकडं धरल्याशिवाय सरळ जात नव्हती. सीतारामभाऊंच्या घरासमोर खळं होतं, म्हणजे सारवलेलं मोठं अंगण. तिथं ती लावली. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं. "आता जेवल्याशिवाय कुठं जाताव?" त्या म्हणाल्या. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुक्या जवळ्याची चटणी. ज्वारीच्या भाकरीला चावावं लागतं, ही जिभेवर ठेवली की गेली. मी पाच खाल्ल्या. दत्तूनं दीड.

अंथरुणावर पडल्यावर मी ठरवलं. नवस राहता कामा नये. गाडीत धडकेनं काय बिघडलंय ते मी शोधणार, सरळ करणार, आणि मग बघू. फोरमन असून वाकडी गाडी घेऊन घाट चढलो तर लाज वाटेल, असंही मनात होतं. खोटं कशाला बोलू, तेच जास्त होतं.

मशीन म्हणतं ठीक

मंगळवारी मी हळूहळू चालवत जीप जवळच्या बाजाराच्या गावी नेली. तिथं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान होतं. दुकानदार भला माणूस. पुढच्या दोन्ही चाकांना पट्ट्या लावल्या, पडद्यावर आकडे आले, हिरवे.

"ठीक आहे, काका."

"ठीक आहे तर स्टेअरिंग वाकडं का?"

"ते सरळ करून देतो." त्यानं दांडी फिरवून स्टेअरिंग सरळ केलं. आम्ही निघालो. एक मैल गेलो नाही तोवर परत ओढायला लागली. परत गेलो, परत आकडे हिरवे. तिसऱ्यांदा गेल्यावर तो म्हणाला, "जुन्या जीपा अशाच ओढतात, काका. धरून चालवायची."

मी तापलो. जुनी गाडी ओढते म्हणे! अरे, गाडी जुनी झाली म्हणून वाकडी होत नाही, काहीतरी हललं म्हणून वाकडी होते. पण त्याचं तरी काय चुकलं? मशीन त्याला चाकं एकमेकांशी बरोबर आहेत का एवढंच सांगत होतं. दोन्ही चाकं मिळून गाडीशी बरोबर आहेत का, हे त्यानं विचारलंच नव्हतं, म्हणून मशीननं सांगितलं नाही.

परत येताना सड्यावर थांबलो. सडा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार, परटानं इस्त्री केल्यासारखं सपाट, वर सुकलेलं गवत आणि लांब खाली खाडीची चमकती रेघ. असली जागा आमच्याकडं नाही. गाडी तपासायला यापेक्षा चांगली जागा जगात नसेल. दत्तूला शेजारी बसवलं आणि पुढच्या चाकांचा गिअर टाकला. चारही चाकांच्या जोरावर जीप पुढं काढली. खाली टक् वाजलं, आणि गाडी सरळ गेली! अगदी सुतासारखी. मग ब्रेक दाबला. टक्. आणि डावीकडं.

परत केलं. जोर दिला, टक्, सरळ. ब्रेक, टक्, डावीकडं. सात-आठ वेळा केलं.

पुढच्या चाकांना जोर मिळाला की ती अॅक्सलला पुढं ओढतात. ब्रेक लागला की चाकं मागं रेटतात. म्हणजे अॅक्सलचं डावं टोक जागेवर नव्हतंच, पुढं-मागं सरकत होतं. आणि डावं चाक मागं सरलं की गाडी डावीकडं वळणारच. मी उत्साहानं दत्तूला हे समजावलं. "धडकेनं हललाय बघ अॅक्सल! नाहीतर चासी वाकलीय."

दत्तू समोर खाडीकडं बघत होता. "ही टक् मी घाटात ऐकली होती," तो म्हणाला.

मी गाडी खळ्याकडं वळवली.

खळं

बुधवारी सकाळी सीतारामभाऊंकडं दोरी आणि ओळंबा मागितला. त्यांनी आयुष्यभर गावातल्या घरांचे चिरे लावलेत, दोरी-ओळंबा त्यांच्याकडं देवासारखे खुंटीला टांगलेले. काकी शेण-सारवणाची बादली घेऊन उभ्या राहिल्या. खळं आदल्याच आठवड्यात सारवलेलं, आणि आम्ही त्यावर तेलाचे डाग पाडणार हे त्यांनी ओळखलं होतं.

"वायच फाटका टाका खाली," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच जुनं कांबळं आणून दिलं.

पुढचं चाक सरळ केलं. पुढच्या चाकाच्या मधोमधपासून मागच्या चाकाच्या मधोमधपर्यंत दोरी ताणली, गाठ मारली. उजव्या बाजूची दोरी डाव्या बाजूला नेली. एक टोक मी धरलं, दुसरं सीतारामभाऊंनी. त्यांनी गाठीपाशी बोटं ठेवली आणि मान हलवली.

"दोन बोटा कमी."

परत मोजलं. दोन बोटं. डावं चाक दोन बोटं मागं. मशीनला जे काल तीन-तीनदा दिसलं नाही, ते सीतारामभाऊंच्या बोटांना दिसलं.

आता प्रश्न एकच. चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, वाकलीय की नुसता अॅक्सल सरकलाय? चासी वाकली असेल तर नवस राहिला, जीप ट्रकवर घालून कराडला न्यायची. चासीच्या चार कोपऱ्यांवर चार जागा ठरवल्या, तिथून ओळंबा सोडला, खाली खळ्यात खडूनं चार खुणा केल्या. जीप ढकलून बाजूला काढली. मग सारवणावर नुसत्या चार पांढऱ्या फुल्या उरल्या. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी तिरकी धरली, मग दुसरी तिरकी. सीतारामभाऊ वाकून बसले, डोळे बारीक केले.

"सारखी."

"नीट बघा हो!"

"पावणे, चाळीस वर्सा चौकटी लावल्या. सारखी हाय."

चासी सरळ होती. त्या माणसाला मी मिठी मारायचीच बाकी ठेवली. काकींनी लगेच बादली पुढं घेतली आणि आमच्या फुल्यांवरनं सारवण फिरवलं.

मग जीप परत आणली, जॅकवर घेतली, चासीखाली लाकडाचे ओंडके रचले आणि मी कांबळ्यावर उताणा शिरलो. दत्तू बाहेरून पान्हे देत होता. अॅक्सल पाट्यांवर बसतो तिथं मधोमध एक बोल्ट असतो, सेंटर बोल्ट. त्याचं डोकं अॅक्सलच्या भोकात बसतं आणि अॅक्सल पुढं-मागं सरकत नाही. वरून यू-बोल्ट जखडतात; ते ढिले पडले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. डाव्या बाजूचे यू-बोल्ट हातानं फिरत होते. हातानं! मी ते सोडवले, पाटा खाली घेतला आणि सेंटर बोल्टचं तुटकं डोकं माझ्या छातीवर पडलं.

ते उचललं, बाहेरच्या उजेडाकडं धरलं. तुटलेला भाग तांबूस-काळा होता. गंजलेला. सबंध.

लोखंड काल-परवा तुटलं असेल तर आतून चकाकतं. एवढा गंज चढायला पावसाळा लागतो. बोल्ट गडग्यानं तोडला नव्हता. आम्ही कराडहून निघालो तेव्हा तो तुटलेलाच होता.

मग मान वळवून उजव्या बाजूचे यू-बोल्ट पाहिले. नटांवर पिवळा ठिपका, शेजारी तांबडा. डाव्या बाजूचे पाहिले. मातीचा थर होता, तो अंगठ्यानं पुसला. पिवळा ठिपका. पुढं काही नाही. थुंकी लावून पुसलं. काही नाही.

श्रावणात मी स्वतः पाटे बदलले होते, घराच्या दारात. शंभर किलोमीटर पळवून परत खाली शिरलो, उजवी बाजू आवळली, तांबडा दिला. मग सर आली. पाठीखालनं पाणी वाहायला लागलं. म्हटलं, डावी बाजू उद्या. तो उद्या काही आला नाही.

तीन पावलांवरचा माणूस

मी बाहेर आलो. तुटकं डोकं दत्तूच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते नीट पाहिलंही नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हं."

"कधीपासून?"

"गडग्यापाशी. तेल बघायला वाकलो तेव्हा. पिवळा दिसला, तांबडा नाही दिसला. ऑपरेशनपासून रंग लई झकास दिसतात."

"मग बोलला का नाहीस, मर्दा? दोन दिवस! मी मशीनवर गेलो, सड्यावर गेलो, या बिचाऱ्यांचं अंगण खराब केलं..."

दत्तूनं पान्हा पुसून खाली ठेवला. त्याचा आवाज चढला नाही. "मी सांगितलं असतं, फोरमन, तुझा तांबडा ठिपका दिसत नाही. तर तू काय म्हणाला असतास?"

मला उत्तर माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. म्हणाला असतो, तुला दिसला नसेल.

"घाटात टक् सांगितली, तर कान काढलेस," दत्तू म्हणाला. "मग पोरीला सांगितलंस, म्हैस दिसली नाही. अरे, म्हैस मला लांबनं दिसली होती. म्हणून तर ती जिवंत आहे. म्हटलं, आता मी नाही सांगायचं. याचं यालाच सापडू दे. तुला सापडल्याशिवाय राहणार नाही, हे ठाऊक होतं. मी म्हणालो होतो ही गाडी नाही चालवणार. गाडी चालवणार नाही, असं कुठं म्हणालो?"

मला रडू आलं. सत्तरीला आलेला माणूस, अंगभर ग्रीस, परक्याच्या खळ्यात. काकींनी पदरानं तोंड झाकलं आणि आत जाऊन कोरा चहा टाकला. सीतारामभाऊ दोरी गुंडाळत राहिले, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही.

चहा होईपर्यंतही मी थांबलो नाही. मनीषाला फोन लावला, आणि दत्तू तीन पावलांवर असतानाच लावला. म्हटलं, "पोरी, परवा मी तुला चुकीचं सांगितलं. तुझ्या बाबाला सगळं दिसत होतं. त्यानं ब्रेक वेळेवर मारला. गाडी वाकडी होती, ती मी वाकडी ठेवली होती. एक काम अर्धं टाकलं आणि तुला सांगितलं गाडी ठणठणीत. चूक माझी." ती म्हणाली, "काका, हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय." म्हटलं, "तुझ्या बाबानं काही सांगितलं की मी पण असंच उडवून लावत होतो. तू नको लावूस." मग म्हणाली, "बाबांना द्या फोन." दत्तू फोन घेऊन कलमांच्या बाजूला गेला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण जेवायला बसल्यावर त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

हेदवी

दुपारी मी एसटीनं चिपळूणला जाऊन सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट आणले. गुरुवारी सकाळी बसवले. अॅक्सल पुढं घेऊन बोल्टचं डोकं भोकात बसलं तेव्हा जो आवाज झाला, तो मी इतक्या वर्षांत हजारदा ऐकला असेल, पण असा कधी ऐकला नव्हता. दोरी लावली. सीतारामभाऊंनी गाठीवर बोटं ठेवली. "आता सारखा." त्यांच्या खिडकीला लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट होता, त्याचा ठिपका दिला. निघताना काकींनी पिशवीत कुळीथ आणि चार नारळ घातले. मी नको-नको म्हणत होतो, तर म्हणाल्या, "आमचा गडगा पयल्यापेक्षा बरा झालाय. तुमच्या दोस्तान लावलेला भाग. तुमचा नाय हो." आणि खळखळून हसल्या.

किल्ली मी दत्तूला दिली. त्यानं घेतली. वाटेत गडग्यापाशी ब्रेक मारून पाहिला, मुद्दाम. जीप जागच्या जागी सरळ थांबली.

हेदवीचं देऊळ टेकडीवर आहे, झाडीत. शेवटचा चढ दत्तूनं एका दमात काढला आणि गाडी अशी लावली की जणू आखून ठेवलेल्या रेघेवर. गणपतीला दहा हात आहेत. मी नमस्कार करताना मनात म्हटलं, तुझ्याकडं एवढे हात, मला दोन दिलेस आणि त्यातला एक पावसात आळशी निघाला. दत्तू हात जोडून बराच वेळ उभा होता. एकदा उजवा डोळा मिटला, एकदा डावा. बहुधा दोन्हींनी वेगवेगळं बघून घेत होता. मग आम्ही खाली समुद्रावर गेलो. खडकाच्या एका अरुंद फटीत लाट घुसते आणि माणसाच्या दुप्पट उंच उडते. ती बघत उकडीचे मोदक खाल्ले. समुद्रावरून परतताना दत्तूनं नातीसाठी दुकानातून बांगड्या आणि नेलपॉलिशची बाटली घेतली.

परत अलोरे

रात्री हेदवीतच मुक्काम करून शुक्रवारी सकाळी निघालो. अलोऱ्याच्या फाट्यावर आलो तेव्हा बोल्ट आवळल्यापासून शंभराच्या आसपास किलोमीटर झाले होते. घाट अजून चढायचा होता. मी काही बोलायच्या आत दत्तूनं जीप टपरीसमोर बाजूला घेतली.

"पान्हा काढ," तो म्हणाला.

मी काढला. तो मला खाली शिरू देईना. म्हणाला, तू चहा पी. स्वतः कांबळं अंथरून आत गेला. हो, ते कांबळं काकींनी आम्हाला देऊनच टाकलं होतं. मी बशीत चहा घेऊन उभा राहिलो आणि पान्ह्याचा आवाज मोजत राहिलो. डावी बाजू आधी. मग उजवी. टपरीवाल्यानं विचारलं, काय झालं, बंद पडली का? म्हटलं, नाही, तुम्हाला सोमवारी नियम सांगितला होता ना, तो पाळतोय.

"बापू, तांबडा रंग कुठाय?" खालून आवाज आला.

तांबडा रंग आम्ही आणलाच नव्हता. दत्तू हात बाहेर काढून म्हणाला, "नातीची पिशवी दे इकडं." नेलपॉलिशच्या त्या इवल्या ब्रशनं त्यानं ठिपके दिले. बाहेर आला, पाठ झटकली, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि मला म्हणाला, "बघून घे, फोरमन. चारही नीट लागलेत का."

माझी कंबर सवयीनं वाकायला लागली होती. मी ती सरळ केली.

"तू बघितलेस ना?"

"बघितले."

"मग झालं," मी म्हणालो, आणि वळसा घालून डाव्या बाजूनं गाडीत जाऊन बसलो.